कोणाच्या गाठोड्यात काय होते?
अर्जेंटिनी आणि इक्वेडोरी स्थलांतरितांच्या आर्थिक स्थितीची तुलना

एक समाज सुस्थितीत का आणि दुसरा हलाखीत का, या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे : ज्याच्या अंगी गुण होते तो पुढे गेला. हे उत्तर देणारा बहुधा पुढे गेलेल्यांपैकीच असतो. मी एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवतो. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. हे उत्तर मी विद्यार्थी असताना वर्गात ऐकले आणि आता स्टाफरूममध्ये ऐकतो. त्यावर संतापून बोलता येते, आणि तो संताप खोटाही नसतो. परंतु संतापाने समोरचा गप्प झाला, तरी त्याचे मत बदलत नाही. म्हणून हा सिद्धान्त एकदा दूरच्या जमिनीवर तपासून पाहावा असे मला वाटले. जिथे आपली जातिव्यवस्था नाही आणि म्हणून आपल्यावर पक्षपाताचा आरोपही येणार नाही, अशा ठिकाणी तो टिकतो का?

त्यासाठी मी अर्जेंटिना आणि इक्वेडोर या दक्षिण अमेरिकेतील दोन देशांतून बाहेर पडलेल्या लोकांची निवड केली आहे. निवडीला कारण आहे. दोघांची बोलीभाषा प्रामुख्याने स्पॅनिश. दोघांचा धर्म बहुतांशी कॅथलिक. दोन्ही देश एकेकाळी स्पेनच्या साम्राज्याखाली होते. दोन्ही देशांची अर्थव्यवस्था जवळजवळ एकाच काळात कोसळली आणि दोन्हीकडचे लोक मुख्यतः त्याच दोन देशांकडे, म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे आणि स्पेनकडे गेले. भाषा, धर्म, संस्कृती ही नेहमीची कारणे अशा रीतीने बाजूला पडतात. तरीही फरक उरत असेल, तर त्याचे मूळ दुसरीकडे शोधावे लागेल.

आणि फरक उरतो.

आकडे काय सांगतात, काय लपवतात

अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत २,२४,९५२ लोकांनी आपले मूळ अर्जेंटिनी असल्याचे नोंदवले, तर ५,६४,६३१ लोकांनी इक्वेडोरी. दोन्ही समाजांत त्या दशकात निम्म्याहून अधिक लोक अमेरिकेबाहेर जन्मलेले होते. म्हणजे एक जुना मुरलेला समाज आणि एक नवखा, असेही नव्हे. पण पंचविशी ओलांडलेल्या अर्जेंटिनींमध्ये सुमारे चाळीस टक्के पदवीधर होते आणि इक्वेडोरींमध्ये साधारण पाचांत एक. अमेरिकेतील सर्व लोकसंख्येत हे प्रमाण तेव्हा तीस टक्क्यांच्या आसपास होते. एक समाज यजमान देशाच्या सरासरीच्या वर आणि दुसरा खाली. पगार, घर, विमा, मुलांची शाळा हे सारे पुढे याच रेषेवरून चालत जाते.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. घरटी उत्पन्नाचा तक्ता पाहिला तर दोन समाजांतील दरी पुष्कळ अरुंद वाटते आणि इक्वेडोरी घर इतर अनेक लॅटिन अमेरिकी समाजांपेक्षा बरे दिसते. माणशी कमाई पाहिली की दरी रुंदावते. याचा उलगडा अवघड नाही. समजा, एका घरात दंतवैद्य नवरा कमावतो आणि बायको अर्धवेळ शिकवते. दुसऱ्या घरात बाप बांधकामावर, आई लोकांकडे धुण्याभांड्याला, थोरला मुलगा हॉटेलच्या स्वयंपाकघरात, आणि त्याच दोन खोल्यांत राहणारा चुलता एका गोदामात हमाली करतो. वर्षअखेर दोन्ही घरांची बेरीज सारखी येऊ शकते. सरकारी तक्त्यात ती दोन घरे शेजारी शेजारी बसतात, परंतु एका घरात दीड माणसाची मेहनत आहे आणि दुसऱ्यात चौघांची. त्यातच इक्वेडोरींपैकी निम्म्याहून अधिक लोक न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या महागड्या राज्यांत राहतात. क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स, कोरोना यांसारख्या वस्त्यांत भाडे भरून उरलेला डॉलर लहानच असतो.

स्पेनमधले आकडे तर आणखी फसवे आहेत. २००५ साली तेथील नोंदणीत इक्वेडोरी नागरिक पाच लाखांच्या जवळ होते आणि अर्जेंटिनी दीड लाखाच्या आसपास. परंतु असंख्य अर्जेंटिनी स्पेनमध्ये राहत होते ते इटलीचे किंवा खुद्द स्पेनचे नागरिक म्हणून. त्यांची गणना ‘परदेशी मजूर’ या सदरात होतच नव्हती. पुढे बहुसंख्य इक्वेडोरींनीही स्पॅनिश नागरिकत्व घेतले आणि तक्त्यात त्यांची संख्या घटलेली दिसू लागली. माणसे मात्र तिथेच होती. कोणाची मोजदाद कोणत्या रकान्यात झाली, हे विचारल्याशिवाय समाजासमाजांची तुलना करू नये, हा यातला पहिला धडा.

आजोबांच्या पिढीची शाळा

अर्जेंटिनी माणूस पदवी घेऊन आला, हे खरे. ती पदवी कोठून आली?

अर्जेंटिनाने १८८४ साली १४२० क्रमांकाचा कायदा करून प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. १९१८ साली कोर्दोबा येथील विद्यार्थ्यांनी बंड करून विद्यापीठांची दारे मध्यमवर्गाला उघडली. १९४९ साली पेरॉन यांच्या राजवटीत सरकारी विद्यापीठांचे शुल्क रद्द झाले. तीन पिढ्या अशा शाळा-कॉलेजांतून गेल्या. २९ जुलै १९६६ रोजी लष्करी राजवटीच्या पोलिसांनी बुएनोस आइरेस विद्यापीठात घुसून प्राध्यापक-विद्यार्थ्यांना लाठ्यांनी झोडपले आणि शेकडो शास्त्रज्ञांनी देश सोडला. १९७६ ते १९८३ या हुकूमशाहीच्या काळात आणखी लोक परागंदा झाले. या लोकांवर अन्याय झाला यात शंका नाही. परंतु परदेशात उतरले तेव्हा त्यांचे ज्ञान त्यांच्याजवळ होते, आणि ते सार्वजनिक पैशातून मिळालेले होते.

हा सार्वजनिक पैसा ज्या जमिनीतून आला तिचाही इतिहास आहे. १८७८ ते १८८५ या काळात अर्जेंटिनाच्या सैन्याने ‘वाळवंटावरील स्वारी’ या नावाखाली दक्षिणेकडील मूलनिवासी जमातींची कत्तल केली, उरलेल्यांना हुसकावले आणि ती जमीन मूठभर धनिकांना वाटली. ज्या प्रदेशात माणसे राहत होती त्याला वाळवंट म्हणणे हीच त्या स्वारीची पहिली चाल होती. देशाच्या १८५३ च्या राज्यघटनेचे २५ वे कलम सरकारला ‘युरोपीय’ स्थलांतराला उत्तेजन देण्यास सांगते. आशियाई नव्हे, आफ्रिकी नव्हे, युरोपीय. १८७० ते १९३० या काळात इटली, स्पेन आणि इतर देशांतून लक्षावधी लोक आले. म्हणजे आज ज्याला आपण गुणवान स्थलांतरित म्हणतो, तो अर्जेंटिनात पोचला होता तोही स्थलांतरित म्हणूनच, आणि तेव्हा राज्यघटना त्याच्या बाजूने उभी होती.

इक्वेडोरच्या डोंगराळ भागात याच काळात ‘वासिपुंगो’ नावाची पद्धत चालू होती. जमीनदाराच्या हासियेंदावर राबायचे आणि त्या बदल्यात एक तुकडा कसायला मिळवायचा. राबायचे ते एकट्या पुरुषाने नव्हे. बायको-मुलांनीही वाड्यावर सेवा द्यायची. आपल्या वाचकांना ही वेठ समजावून सांगायला नको. १९६४ च्या जमीनसुधारणा कायद्याने ती पद्धत बंद झाली, तरी कुळांच्या वाट्याला आले ते पुष्कळदा उताराचे, निकस तुकडे. निरक्षर माणसाला मताचा अधिकार नव्हता, आणि निरक्षर म्हणजे मुख्यतः किचवा बोलणारा मूलनिवासी. हा अडसर दूर झाला तो १९७९ साली अमलात आलेल्या राज्यघटनेने. आधी शाळा द्यायची नाही, मग शाळा नाही म्हणून मत द्यायचे नाही. अशा घरातला मुलगा न्यूयॉर्कला उतरतो तेव्हा त्याच्या गाठोड्यात पदवी नसते. ती नाही याचा हिशेब त्याच्या नावावर कसा मांडता येईल?

कोण कोणत्या दाराने आत गेले

आता स्थलांतराच्या वेळेकडे पाहू. इक्वेडोरमध्ये मार्च १९९९ मध्ये सरकारने बँकांतील ठेवी गोठवल्या. वर्षाच्या सुरुवातीला एका डॉलरला सात हजारांच्या आसपास सुक्रे पडत होते. जानेवारी २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष हामिल माहुआद यांनी पंचवीस हजार सुक्रेला एक डॉलर या दराने देशाचे चलनच डॉलर करून टाकले. लोकांची आयुष्यभराची पुंजी विरघळली. पुढल्या काही वर्षांत पाच लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. अर्जेंटिनात डिसेंबर २००१ मध्ये तशाच ठेवी गोठल्या, लोक रस्त्यावर भांडी बडवीत उतरले, राष्ट्राध्यक्ष देला रुआ यांनी राजीनामा दिला आणि २००२ मध्ये निम्म्याहून अधिक जनता दारिद्र्यरेषेखाली गेली. संकट दोन्हीकडे सारखेच क्रूर होते. बाहेर पडण्याचे मार्ग मात्र सारखे नव्हते.

अर्जेंटिनी नागरिकांना १९९६ पासून फेब्रुवारी २००२ पर्यंत अमेरिकेत व्हिसाशिवाय जाता येत होते. तिकीट काढायचे, मायामीला उतरायचे. पुष्कळ जण मुदत संपल्यावरही राहिले आणि म्हणूनच ती सवलत पुढे काढून घेण्यात आली. कायद्याच्या भाषेत तेही बेकायदाच होते. पण ते विमानातून उतरलेले बेकायदा होते. अंगावर कर्ज नव्हते. युरोपात जायचे तर आजोबांचा इटलीतील जन्मदाखला शोधून काढला की इटलीचा पासपोर्ट मिळे. इटलीने हा नियम २०२५ साली बराच आवळला, परंतु तोवर लक्षावधी लोकांचे काम झाले होते. वारसाहक्क केवळ शेताचा आणि वाड्याचा असतो असे नाही. कागदाचाही असतो.

इक्वेडोरला अमेरिकेची व्हिसामाफी कधीच मिळाली नाही. तेथील आसुआय आणि कन्यार या प्रांतांचा न्यूयॉर्कशी संबंध जुना आहे. ज्या टोपीला जग ‘पनामा हॅट’ म्हणते ती विणली जाते इक्वेडोरमध्ये, आणि विणणारे हात याच प्रांतांतील खेडुतांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तो धंदा बसला आणि ज्या वाटेने टोप्या न्यूयॉर्कला जात होत्या त्याच वाटेने विणकरांची मुले निघाली. पुढे नियम कडक झाले तशी ही वाट दलालांच्या हाती गेली. मासेमारीच्या जुनाट बोटीतून ग्वाटेमालापर्यंत, तिथून मेक्सिको, मग सीमा. या प्रवासाला २००० नंतरच्या दशकात दहा हजार डॉलर किंवा त्याहून अधिक लागत. हे पैसे देणाऱ्याला तिकडे ‘चुल्केरो’ म्हणतात. आपल्या भाषेत सावकार. व्याज महिन्याला शेकडा तीन ते पाच, तारण जमीन किंवा घर. म्हणजे अर्जेंटिनी माणूस अमेरिकेत पहिल्या दिवशी शून्यावर असतो आणि इक्वेडोरी माणूस उणे दहा हजारांवर. त्याची पहिली काही वर्षे शून्यापर्यंत चढण्यातच जातात. ही वाट पुढेही बंद झाली नाही : २०२३ मध्ये दारिएनचे जंगल पायी ओलांडणाऱ्यांत इक्वेडोरी पन्नास हजारांहून अधिक होते.

स्पेनला मात्र ऑगस्ट २००३ पर्यंत इक्वेडोरींना व्हिसा लागत नव्हता. म्हणून १९९९ नंतर ते तिकडे लोटले. तिथे भाषा तीच आणि लॅटिन अमेरिकी माणसाला दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, हा नियमही दोघांना समान. तरीही दोघे एका कामावर दिसले नाहीत. अर्जेंटिनी मुख्यतः दुकाने, कार्यालये आणि स्वतंत्र व्यवसाय यांत शिरले. इक्वेडोरी पुरुष शेतावर आणि बांधकामावर, बायका लोकांच्या घरी.

३ जानेवारी २००१ च्या सकाळी मुर्सिया प्रांतात लोर्काजवळ रेल्वेच्या फाटकावर एका गाडीला आगगाडीने उडवले. गाडीत क्षमतेबाहेर माणसे कोंबलेली होती. बारा इक्वेडोरी शेतमजूर मेले. त्यांच्याजवळ कामाचे परवाने नव्हते, म्हणून मालक देईल ती मजुरी आणि मालक पाठवील ते वाहन. शेजारच्या शेतमालकांना त्यांच्या कामाची गरज होती आणि कायद्याला त्यांच्या अस्तित्वाची माहिती नव्हती. परवाना नसलेल्या मजुराची मजुरी कमी का असते, याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या फाटकावर अधिक स्पष्ट मिळते.

बायकांचे काम तर घराच्या आत, कोणाला न दिसणारे. माद्रिदमधील म्हाताऱ्यांना आणि मुलांना सांभाळणाऱ्या, मालकाच्याच घरी राहणाऱ्या इक्वेडोरी बाईचे कामाचे तास घड्याळाला माहीत नसत. स्पेनमध्ये घरकामगारांना बेकारी भत्त्याचा हक्क मिळाला तो २०२२ साली. तोवर तिचे काम सुटले की तिची कमाई त्याच दिवशी थांबे.

२००८ साली स्पेनचा बांधकाम धंदा कोसळला तेव्हा पहिला फटका कोणाला बसला हे सांगायला नको. भरभराटीच्या काळात बँकांनी इक्वेडोरी कुटुंबांना बोलावून गृहकर्जे दिली होती, आणि जामीनदार म्हणून त्यांच्याच ओळखीतले दुसरे कर्जदार घेतले होते. एकाचे काम गेले की साखळीतले सगळे बुडत. स्पेनच्या कायद्याप्रमाणे घर बँकेच्या ताब्यात गेले तरी उरलेले कर्ज माणसाच्या मानगुटीवर राहते. ज्याच्यामागे आईबापांचे घर किंवा दुसऱ्या देशाचा पासपोर्ट होता तो सावरला किंवा निघून गेला. इतरांना घरही गेले आणि कर्जही राहिले.

एक मजुरी, दोन चुली

दोन समाजांच्या स्थितीत आणखी एक फरक आहे, जो उत्पन्नाच्या तक्त्यात येतच नाही. इक्वेडोरी मजुराची कमाई दोन ठिकाणी खर्च होते. चालू शतकाच्या प्रारंभी, तेलानंतर देशाला सर्वाधिक परकीय चलन मिळे ते या मजुरांनी धाडलेल्या पैशातून. २०२३ साली ही रक्कम पाच अब्ज डॉलरांहून अधिक होती. अर्जेंटिनाच्या अर्थव्यवस्थेत अशा पैशाचा वाटा नगण्य आहे. म्हणजे एकाची बचत त्याच्याच मुलाच्या कॉलेजात जाते आणि दुसऱ्याची बचत आईचे औषध, भावंडांची शाळा, सावकाराचे व्याज आणि गावच्या घराच्या विटा यांत जाते. ज्यांच्या घरात पहिला पगार आला आहे त्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. मलाही आहे. पगारपत्रकावर माझा आणि माझ्या सहकाऱ्याचा आकडा एक असतो. महिन्याच्या वीस तारखेला तो एक राहत नाही.

चित्र एकरंगी करण्याचा माझा हेतू नाही. मायामीत राहणारे धनिक इक्वेडोरीही आहेत आणि २००२ नंतर अमेरिकेत हॉटेलात वाढप्याचे काम करणारे अर्जेंटिनी अभियंतेही होते. अर्जेंटिनाच्या उत्तरेकडचा गरीब, सावळा माणूस तर विमानाच्या तिकिटापर्यंतच पोचला नाही, म्हणून तो या तुलनेत दिसतच नाही. आणि खुद्द अर्जेंटिनात विटा पाडणारे, भाजीमळे राखणारे बोलिव्हियन मजूर तेथील ‘इक्वेडोरी’ आहेत. म्हणजे देशाचे नाव हे खरे कारण नव्हे. जमीन, शाळा, रंग आणि कागद यांची वाटणी हे कारण आहे. रंगाचे म्हणावे तर अमेरिकेत अर्जेंटिनी माणूस पुष्कळदा युरोपीय म्हणून खपून जातो. इक्वेडोरी मूलनिवाशाचा चेहरा त्याच्या आधी बोलतो. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या पॅचोग गावी शाळकरी पोरांच्या एका टोळक्याने एका इक्वेडोरी कामगाराला भोसकून ठार केले. त्याची पदवी विचारायला कोणी थांबले नव्हते.

या सगळ्यात इक्वेडोरी माणूस केवळ सोसणारा राहिला, असे समजणेही चूक ठरेल. लोर्काच्या अपघातानंतर त्याच महिन्यात त्याचे सहकारी लोर्काहून मुर्सियापर्यंत चालत गेले, चर्चमध्ये ठाण मांडून बसले आणि परवान्यांचा प्रश्न त्यांनी सरकारच्या टेबलावर नेला. २००९ साली बार्सिलोनात गृहकर्जपीडितांची संघटना उभी राहिली; त्या चळवळीत बँकांविरुद्ध प्रारंभापासून लढणाऱ्यांत इक्वेडोरी कुटुंबे होती. पुढे याच लढ्याने सामान्य स्पॅनिश कर्जदारालाही आवाज दिला. ज्याच्याजवळ पदवी नव्हती त्याने यजमान समाजाला कायद्यातील अन्याय दाखवून दिला. हा गुण कोणत्या गुणपत्रिकेत नोंदवायचा?

आता आपल्याकडे वळू. अमेरिकेतील भारतीयांची समृद्धी हा आपल्या वृत्तपत्रांचा आवडता विषय आहे. २०२० साली कार्नेगी संस्थेने केलेल्या पाहणीत, जातीची ओळख सांगणाऱ्या हिंदूंपैकी ८३ टक्क्यांनी आपली गणना खुल्या किंवा उच्च जातींत केली. म्हणजे तिथे पोचला तो ‘भारत’ नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या शाळा, जमीन आणि इंग्रजी ज्यांच्याकडे साठत आली त्यांचा एक निवडक भाग होता. त्यांच्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. पण त्यांच्या उत्पन्नावरून भारतीय गुणवत्तेचा सिद्धान्त मांडणे आणि तोच सिद्धान्त उलटा फिरवून आपल्या वस्तीवर लादणे, हे अर्थशास्त्र नव्हे.

विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी यातून एक कामाची गोष्ट उचलावी असे मला वाटते. कोणत्याही दोन समाजांच्या उत्पन्नाचा तक्ता पुढे आला की त्याला चार प्रश्न विचारावेत. यांच्या आजोबांच्या पिढीला शाळा होती का? हे कोणत्या दाराने आत आले, आणि आत येताना अंगावर कर्ज किती होते? घरात कमावणारे हात किती, आणि ते किती तास राबतात? या कमाईवर किती चुली पेटतात? आपल्या वस्त्यांची पाहणी करतानाही हे चार रकाने आखून घ्यावेत. ते भरले, की कोणाचे यश कोणाच्या खात्यावर जमा आहे हे पुष्कळसे आपोआप दिसू लागेल, आणि ‘अंगचे गुण’ या रकान्यात लिहायला फार थोडे उरेल.